कुजबुजीतली प्रश्नमंजूषा

बोरकुटे सरांच्या हातात माइक दिला, ही माझी चूक. चांगल्या मनाने दिला, असं मी घरी बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चांगल्या मनानं दिला, तं मग तुम्हाले जेवण काहून जाऊन नाही राहिलं?"

याचं उत्तर द्यायचं तर आधी बोरकुटे सर सांगायला हवेत.

दामोदर बोरकुटे आमच्या शाळेचे ग्रंथपाल. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते लायब्ररीत प्रश्नमंजूषा घेत. त्यात नवल काही नाही. नवल हे, की ती सबंध प्रश्नमंजूषा कुजबुजत चालायची. दारावर 'शांतता राखा' अशी पाटी होती आणि बोरकुटे सरांच्या मते पाटी म्हणजे पाटी. प्रश्न कुजबुजत विचारायचा, उत्तर कुजबुजत द्यायचं. घंटीऐवजी पेन्सिल वर करायची. टाळ्या बंद, आनंद झालाच तर दोन्ही हात वर करून बोटं हलवायची. काचेतून पाहणाऱ्याला वाटावं, सगळी पोरं नेलपॉलिश वाळवत बसली आहेत. नागपूरच्या एप्रिलातसुद्धा तेवढा वेळ कूलर बंद, कारण तो घरघरतो. पोरं घामाने निथळत, पण उठत नसत.

'चूक' हा शब्द त्या खोलीत नव्हताच. उत्तर कितीही भरकटलेलं असो, सर पुढे झुकून हळूच म्हणायचे, "जवळ आलं गा."

"ऑस्ट्रेलियाची राजधानी?"

"न्यूझीलंड."

"जवळ आलं गा. मधात थोडं पाणी लागते."

"ताजमहाल कोणी बांधला?"

"मिस्त्रीनं."

"लय जवळ आलं!"

जवळ आल्याबद्दल डब्यातून एक बेदाणा मिळायचा. शेंगदाणा का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. सरांनी दातांकडे बोट दाखवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. खाताना कुडुमकुडुम आवाज होतो ना! बरोबर उत्तराला बेदाणे नव्हतेच, त्यामुळे हुशार पोरंही अधूनमधून मुद्दाम जवळ येऊन थांबत. जिंकणाऱ्याला बक्षीस एकच: नव्या पुस्तकांवर शाळेचा शिक्का मारायचा मान. त्यासाठी मारामाऱ्या व्हायच्या. अर्थात दाराबाहेर.

आता माझ्याबद्दल. मी वैरागडे, भूगोल शिकवतो. माझा आवाज मोठा आहे, आणि त्यात माझा दोष नाही असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. लकडगंजात आमची लाकूड कापायची आरामशीन होती. तिच्या आवाजावर चढून बोलायचं म्हणजे आमच्या घरी 'मीठ दे' हेसुद्धा आरोळी ठोकूनच. मी एकदा शनिवारी लायब्ररीत डोकं घालून म्हणालो, "चालू द्या, चालू द्या!" सगळ्या पोरांनी एकाच वेळी ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. शिक्षकाला गप्प करण्याची परवानगी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली असावी.

स्टाफरूममध्ये बोरकुटे सर फारसे येत नसत. आले तर कोपऱ्यात बसून हसत. बोलले तर खालच्या आवाजात आणि वळणावळणाने. मुख्याध्यापिका बाईंना ते 'वरच्या मॅडम' म्हणत, चहाला 'नेहमीचं'. आणि कहर म्हणजे ग्रंथपाल असून पुस्तकाला पुस्तक म्हणत नसत. म्हणत, 'वाचायचं ते'. त्यांची नक्कल मी फार छान करायचो. "वैरागडे सर, ते वाचायचं ते आणून देता का?" असं मी म्हणालो की स्टाफरूम हसायची. एकदा ते दारात उभे असताना मी ही नक्कल केली होती. तेही हसले. ते हसले म्हणून मी दुसऱ्यांदा केली.

यंदा लांबून मार्चात गेलेल्या स्नेहसंमेलनाची जबाबदारी माझ्याकडे होती. मला वाटलं, एवढी गमतीदार प्रश्नमंजूषा एका खोलीत का कोंडून ठेवायची? हॉलमध्ये आणू, पालक बघतील, प्रोजेक्टर लावू. लायब्ररीत जाऊन बोरकुटे सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"तिथं नको, सर. इथंच बरं."

"अहो, लाजता काय! तुमचं कौतुक होईल!"

"इथंच बरं," ते पुन्हा म्हणाले. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मी ज्यांचं ऐकत नाही त्यांच्या पाठीवर थाप मारतो, हे बायकोचं निरीक्षण आहे.

बॅनर छापून आला. त्यावर होतं, 'कुजबुज प्रश्नमंजूषा. संकल्पना: श्री. वैरागडे सर'. छापणाऱ्याची चूक, असं मी सगळ्यांना सांगितलं. मजकूर मीच पाठवला होता.

हॉल भरला. मी बोरकुटे सरांच्या हातात माइक दिला आणि दुसरा माइक घेऊन मागे जाऊन उभा राहिलो. हॉलमध्ये गलका होता, म्हणून त्यांनी कागद वर धरून कुजबूज सोडली आणि आवाज काढला.

"प... प... प..."

'पहिला प्रश्न' एवढंच म्हणायचं होतं. मला वाटलं माइक बिघडला. मग वाटलं घाबरले. त्यांची मान ताणली गेली होती, डोळे मिटले होते, आणि स्पीकरमधून सगळ्या हॉलभर नुसता तो 'प' आदळत होता. पुढच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. आणि मी, माझ्या आरामशीनच्या आवाजात, वर माइकवरून म्हणालो, "बोरकुटे सर, जोरात बोला! घाबरता काहून? शेवटच्या रांगेले ऐकू येऊन नाही राहिलं!"

हॉल हसला. माझ्या बोलण्यावर हॉल हसला, आणि क्षणभर मला ते आवडलं, हेही आता सांगून टाकतो.

सरांनी माइक टेबलावर ठेवला. पुस्तक ठेवतात तसा, कडा टेबलाच्या कडेशी जुळवून. आणि ते बाजूच्या दाराने गेले. उरलेली प्रश्नमंजूषा मी घेतली. ती फारच यशस्वी झाली.

पुढच्या शनिवारी लायब्ररीत कूलर घरघरत होता. पोरं पेन्सिली घेऊन आली, सरांनी नुसती पुस्तकं देऊन-घेऊन त्यांना वाटेला लावलं. त्याच्या पुढच्या शनिवारी पोरं आलीच नाहीत.

माझ्या वर्गात रोशनी नावाची मुलगी आहे. कुहीजवळच्या गावची, इथे मामाकडे राहते. वर्गात उभी केली की नुसती उभी राहायची. मी रोज ओरडायचो, "जोरात बोल वं, काही खात नाही मी!" प्रगतिपुस्तकावर मी लिहिलं होतं, 'बोलत नाही'. हीच मुलगी शनिवारी शिक्का मारायचा मान सगळ्यात जास्त वेळा पटकावते, हे मला ऐकून माहीत होतं. मी त्याचा अर्थ एवढाच लावला होता, की माझ्या वर्गात आळस करते.

व्हरांड्यात ती भेटली. मी विचारलं, "शनिवारी लायब्ररीत काहून नाही जात आता?"

तिने तोंड उघडलं. "स... स..." मान ताणली गेली, डोळे मिटले. हे मी हॉलमध्ये पाहिलं होतं. मग ती माझ्या अगदी जवळ आली आणि कुजबुजली. अडखळ नाही, काही नाही, सरळ वाहत्या पाण्यासारखं.

"सर, हळू बोललं की अडकत नाही. मलेही नाही अन् बोरकुटे सरायलेही नाही. तुम्हाले मालूम नव्हतं?"

रविवारी मी मनीषनगरला त्यांच्या फ्लॅटवर गेलो. दार उघडून ते बाजूला झाले. घरात एकटेच. टीव्ही चालू होता, आवाज बंद. मी माफी मागायला गेलो होतो. मी पार्किंगबद्दल बोललो, उन्हाबद्दल बोललो, कूलरची खस कुठे स्वस्त मिळते ते सांगितलं. त्यांनी चहा केला. कपाटात एकाच आकाराचे दोन कप होते. त्यातल्या माझ्या कपाच्या तळाला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

निघताना जिन्यापर्यंत आले. कुजबुजत म्हणाले, "शब्द अडला की मी दुसरा घेतो, सर. पुस्तक नाही तं वाचायचं ते. चालून जाते. पण नावाले दुसरा शब्द नाही भेटत. लग्नाच्या वेळी पोरगी पाहाले गेलो. तिनं नाव विचारलं. लय वेळ थांबली बिचारी." थोडं हसले. "शनिवारी पोरं नाव नाही विचारत. मालूमच राहते त्यायले."

मी म्हणालो, "अहो, एवढंच ना! होते ठीक!" माझा आवाज जिन्यात खालपर्यंत घुमला. एका दाराआडून कोणीतरी डोकावलं. बोरकुटे सर आत गेले. मी स्कूटरवर बसून राहिलो, किल्ली लावायचं सुचेना.

मग गेल्या शनिवारी मी माझ्या वर्गातल्या पोरांना म्हटलं, चला. रोशनी सगळ्यात पुढे. लायब्ररीत शिरलो आणि आधी कूलरचं बटण बंद केलं. सर टेबलाशी होते. मी समोर उभा राहिलो आणि शक्य तितक्या हळू म्हणालो, "सर, माझं चुकलं!"

खिडकीवरचं कबुतर उडालं. पोरांनी ओठांवर बोटं ठेवली. बोरकुटे सरांनी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

मी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी आवाज घशात दाबला, तर तो घोगरा होऊन दुप्पट झाला. रोशनीने डोळे मिटून घेतले, लाजेने. माझ्यासाठी लाजत होती ती. मी तोंड उघडून तसाच उभा. एवढ्या पोरांसमोर तोंड उघडून उभं राहणं आणि आत अडकलेलं बाहेर न येणं म्हणजे काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

सरांनी खण उघडला. डबा काढला. माझ्या तळहातावर एक बेदाणा ठेवला.

"जवळ आलं गा," ते कुजबुजले.

डबा पाहून पोरं धावत आपापल्या जागी बसली. पेन्सिली निघाल्या. मी टेबलाला वळसा घालून त्यांच्या खुर्चीपाशी गेलो, गुडघ्यावर बसलो, तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि फक्त श्वासाने, लकडगंजातल्या माझ्या सात पिढ्यांत कोणी बोललं नसेल इतक्या हळू म्हणालो, "दामोदर सर, माझं चुकलं. तुम्ही 'इथंच बरं' म्हटलं होतं. मी ऐकलं नाही."