वाघमारेकाकांची सांजेची हरकत

माझ्या भाचीच्या साखरपुड्यात मुलाच्या मामांनी रीत म्हणून विचारलं, "मग, कुणाची काही हरकत नाही ना?" आणि मागच्या खुर्चीवरून वाघमारेकाका उठले.

"माझी नम्र पण ठाम हरकत हाय."

मांडव गार पडला. मुलाच्या आईने आमच्या मुलीकडे नखशिखांत पाहून घेतलं. पण काकांची हरकत मुलीला नव्हती, मुलालाही नव्हती. मांडवातली वीज खांबावर आकडा टाकून चोरून घेतली होती, तिला होती. आकडा निघाला तेव्हाच काका खाली बसले, आणि अंगठ्या आम्ही मोबाइलच्या उजेडात घातल्या. तेव्हापासून मी त्यांना कुठल्याही कार्याला बोलवत नाही. तरी ते येतात.

परळीत आमची तीन मजली इमारत आहे. खाली शाहीनभाभींची पिठाची गिरणी, मध्ये काका, वर आम्ही. काका वीज केंद्रातून निवृत्त झालेले. आयुष्य कोळशाच्या विभागात गेलं, त्यामुळे आता या राखेच्या गावात पांढराशुभ्र शर्ट घालून फिरतात आणि तो दिवसातून दोनदा बदलतात. सुमनकाकू गेल्यापासून एकटेच असतात.

वीजदर ठरवणाऱ्या आयोगाची सुनावणी हा त्यांचा सण. तिथे कुणालाही हरकत मांडता येते, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे! हल्ली सुनावणी ऑनलाइन असते आणि इमारतीत धड चालणारा लॅपटॉप माझ्याकडेच, म्हणून हा सण माझ्या बैठकीत साजरा होतो. काका कोट घालतात, बुटांना पॉलिश करतात.

"काका, कॅमेऱ्यात छातीपर्यंतच दिसतं. बूट कोण बघणार?"

"मला म्हाईत हाय ना, मॅडम."

सुनावणी नसेल तेव्हा सराव आमच्यावर चालतो. चहात आलं जास्त, हरकत. जिन्यात सायकल, हरकत. आणि सर्वांत जास्त हरकती शाहीनभाभींच्या गिरणीवर. पट्टा खडखडतो, जमीन हादरते, देवानं दिलेले कान हायत का पत्र्याचे डबे?

मागच्या सुनावणीत काकांनी ठासून मागणी केली होती. "दुपारी उन्हाची वीज उतू जातीय. ती स्वस्त करा." यंदाच्या प्रस्तावात ती गोष्ट आली. काकांनी पेढे वाटले, शाहीनभाभींनाही एक दिला. मग मी तो प्रस्ताव पुढे वाचला. ऊन असेपर्यंत वीज स्वस्त, आणि सूर्य मावळला की महाग, कारण तेव्हा कोळसा जाळावा लागतो. कागदावर अगदी बिनतोड.

पण आमची गिरणी चालते संध्याकाळीच. बाया पहाटे कापूस वेचायला जातात, दिवस मावळता परततात, मग डबे रांगेला लागतात. दुपारी गिरणीपुढे चिटपाखरू नसतं. दळणाचा दर वाढवला तर बाया बाजारातल्या मोठ्या गिरणीकडे जाणार, न वाढवावा तर भाभींना परवडणार नाही. त्यांची मोठी मुलगी अंबाजोगाईला नर्सिंगला आहे, ती याच गिरणीच्या जोरावर.

हे कळलं तशा भाभी जिना चढून आमच्या बैठकीत आल्या, काका तिथेच होते. "काका, आवाज नको हुता तर मला सांगायचं. आयोगाला काहून सांगितलं?"

काका उठून जिना उतरून गेले, वाटेतल्या सायकलला हरकतही घेतली नाही. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. गल्लीने मात्र निकाल देऊन टाकला, की म्हाताऱ्यानं डाव साधला. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

सुनावणीच्या दिवशी काका कोट घालून आले. भाभी दारात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. मी मनाशी ठरवलं होतं, यांनी गिरणीविरुद्ध एक शब्द काढला की लॅपटॉप बंद करायचा, मग काय व्हायचं ते होवो.

आणि वीज गेली. राज्याला वीज देणाऱ्या आमच्या गावात ती अशीच जाते. लॅपटॉप बॅटरीवर, नेट माझ्या मोबाइलवर. पडद्यावर कुणी कारखानदार संपता संपेना आणि बॅटरीचं चिन्ह लाल झालं. काकांच्या कपाळावर घाम आला.

"प्रल्हाद वाघमारे, परळी. बोला."

काका उभे राहिले. पडद्यावर नुसतं कोटाचं बटण दिसायला लागलं. "बसून बोला," तिकडून आवाज आला.

"माझी नम्र पण ठाम हरकत हाय." ते खुर्चीत बसले. "ती माझ्याच मागल्या मागणीला हाय. दुपारी स्वस्त केली, लई चांगलं केलं. पर दुपारी बाया रानात असत्यात, साहेब. दळण सांजंला येतंय. सांजंला कोळसा जाळावा लागतो, मी जाळलाय, मला म्हाईत हाय. तरी बारक्या गिरण्यांना सांजंचा जादा दर लावू नका."

"ठीक. आणखी काही?"

काकांनी दाराकडे पाहिलं नाही. "माझ्या खाली एक गिरणी हाय. तिच्या आवाजाची मी लई तक्रार केली. ती खरी हाय, मागं घेत न्हाई. पर सांजंला माझ्या घरात दुसरा आवाज न्हाई."

तिकडे कागद उलटल्याचा आवाज झाला. "नोंद घेतली आहे. पुढचे हरकतदार..." आणि लॅपटॉप विझला.

मी वळून पाहिलं तर दारात भाभी नव्हत्या. काकांसाठी पाणी आणायला उठले. तेवढ्यात वीज आली आणि खाली गिरणी सुरू झाली. भर दुपारी. डबा तर एकही नव्हता, भाभींनी घरातलंच काहीतरी घातलं असावं.

काका तसेच बसून होते, डोळे मिटून.

"गहू," ते म्हणाले.

"काय?"

"गहू दळत्यात. ज्वारीचा आवाज जड येतो. सुमन अंथरुणाला खिळली हुती तवा सांजंला आमी दोघं वळखायचो, काय दळत्यात ते. ती कधी चुकायची न्हाई. मी लई चुकायचो." त्यांनी कोटाच्या बाहीने चष्मा पुसला. "आता रोज मनाशी वळखतो. पर बरूबर का चूक, सांगायला कोन हाय?"

मी ग्लास खाली ठेवला, गॅलरीत गेले आणि कठड्यावरून वाकून जीव खाऊन ओरडले, "भाभी, काय दळताय?"

"गहू!" खालून उत्तर आलं.