बाबाराव भातेवाले

आमचे शेजारी बाबाराव दारात आलेल्या पाहुण्याला ‘या, बसा’ म्हणत नाहीत. आधी त्याच्या पाठीला कान लावतात. ‘भाता चांगला हाय,’ असा निकाल लागला, की मगच चहा. माझ्या नवऱ्याला पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘गुरुजी, भाता फुसका हाय. विड्या सोडा.’ विड्यांचं मलाच माहीत नव्हतं! त्या दिवशी आमच्या घरात काय रामायण झालं, ते विचारू नका.

सगळी नोकरी देवणीच्या गुरांच्या दवाखान्यात झालेली, त्यामुळे बैल आणि माणूस यांत ते फार फरक करत नाहीत. लोहाराचा भाता, पेटीचा भाता, छातीतला भाता, त्यांच्या लेखी सगळं एकच. ‘वारं आत, वारं भायेर. बाकी समदं उगंच!’ लग्नाला गेले, की पंगत सोडून बँडवाल्यांच्या छात्या तपासतात. सनईवाल्याला तर आग्रह करकरून जिलबी वाढतात.

या वेडाचं मूळ त्यांच्या घरातच आहे. सुमनकाकूंना दमा. थंडी पडली, की बाईंचा जीव नुसता घशाशी येतो. मी मिरच्या भाजायला घेतल्या, की बाबाराव दारात हजर. ‘काय करायलात, बाई? आमच्या हिचा भाता बंद पाडता काय?’

‘मग आम्ही मिरच्या उकडून खाव्यात का?’ मीही काही कमी नाही. पण गॅस बंद करते.

परवा संध्याकाळी कुणा मेल्यानं गल्लीत कचरा पेटवला. धूर थेट काकूंच्या खोलीत. मी धावत गेले. औषधाचा पंप ओढून झाला होता, तरी त्यांची धाप उतरेना. आणि बाबाराव फळीवरची जुनी पेटी खाली काढत होते!

‘अहो, ही काय भजनाची वेळ आहे?’ मी ओरडलेच.

त्यांनी पट्ट्यांना हातच लावला नाही. नुसता भाता हलवायला लागले. सूर नाहीच; भाता फाटका, त्यामुळे हूं करून वारं तेवढं सुटायचं.

‘सुमन, हिकडं बघ. ह्याच्यासंगं. आत… आता भायेर…’

काकूंची नजर भात्यावर खिळली. हळूहळू धाप कमी झाली, श्वास भात्याबरोबर चालू लागला. थोड्या वेळानं त्यांना झोपही लागली. बाबारावांचा हात मात्र थांबेना.

‘काका, झोपल्या त्या. आता ठेवा की पेटी.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

‘भ्या वाटतं, बाई,’ ते म्हणाले. ‘म्या थांबलो, अन् ती बी थांबली तर?’