तिसरं मागू नका

पेंढारकरांबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे स्वतःबद्दलही लिहावं लागतं. आता वय पंचाहत्तर. घाबरण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

तर पेंढारकर चहात थर्मामीटर घालून बसत.

बडोद्याच्या आमच्या शाळेत ते बारावीला रसायनशास्त्र शिकवत. प्रयोगशाळाही त्यांच्याच ताब्यात. स्टाफरूममध्ये रमणभाई शिपाई चहा ठेवून गेला की यांच्या खिशातून प्रयोगशाळेतला लांबलचक थर्मामीटर निघे. तो धुतलेला असे, अशी आमची समजूत होती. पारा साठाच्या खाली येईपर्यंत ते कपाला तोंड लावत नसत.

"जीभ प्रथिनांची असते, दिघे," ते मला सांगत. "तापलं की प्रथिनाची घडी मोडते. मोडली की पुन्हा बसत नाही. उकडलेलं अंडं कधी कच्चं झालेलं पाहिलंयस?"

दुसरं वेड मूलद्रव्यांचं. अणूकडून इलेक्ट्रॉन काढून घ्यायला किती जोर लावावा लागतो, ती त्याची आयनन एन्थाल्पी. स्कँडियमपासून जस्तापर्यंतच्या दहा धातूंचे हे आकडे त्यांना तोंडपाठ होते, आणि ते आकडे ते माणसांना लावत. मुख्याध्यापक क्रोमियम, पहिला इलेक्ट्रॉन मागायच्या आत देऊन मोकळे. संस्कृतच्या बाई जस्त, कितीही जोर लावा, हलणार नाहीत. मी स्कँडियम. "तुझ्याकडे कुणी नुसते डोळे वटारले तरी तिन्ही इलेक्ट्रॉन काढून देशील," असं सगळ्यांसमोर म्हणाले होते. मी हसलो होतो.

स्वतः ते मँगनीज. मँगनीज दोन इलेक्ट्रॉन बऱ्यापैकी सहज देतं. मग आत पाच उरतात, पाचही आपापल्या जागी एकेकटे, अगदी ऐसपैस. त्यातला एक हलवायचा म्हणजे भलताच जोर लागतो. म्हणून पेंढारकरांचा नियम, एका माणसाला दिवसाला दोनच गोष्टी द्यायच्या.

रमणभाईनं एकदा सकाळी त्यांची छत्री नेली, दुपारी पेन. शाळा सुटताना सहज विचारलं, "साहेब, केटला वाग्या?"

पेंढारकरांनी घड्याळाचा हात पाठीमागे नेला. "आ त्रीजुं छे, रमणभाई. काले आवजो."

किती वाजले हे विचारायलाही माणसानं उद्या यायचं.

हा माणूस तसा भित्रा होता. पाल, शिक्षणाधिकारी, विजेचं बटण, सगळ्यांना भ्यायचे. सर्वांत जास्त आमचे ट्रस्टी चंदुकाका यांना. चंदुकाका न सांगता येत आणि कचऱ्याच्या डब्यापर्यंत सगळं तपासत. आवारात अंडं येता कामा नये, हा त्यांचा पहिला नियम. म्हणून प्रथिनांचा धडा आला की पेंढारकर दुधात लिंबू पिळून ते फाडून दाखवत.

मी नवीन होतो, नोकरी अजून कायम व्हायची होती. हिच्या बाळंतपणाला दोन महिने उरले होते. तरी शहाणपणा सुचला.

"सर, फाटलेलं दूध पोरं घरी बघतात. अंड्याचा पांढरा बलक डोळ्यांसमोर घट्ट होताना दाखवला, तर जन्मात विसरणार नाहीत."

"इथे नाही, दिघे. अजिबात नाही."

मी निजामपुऱ्यातून दोन अंडी घेतली आणि पायमोज्यात गुंडाळून आणली. वर्गात दाखवण्याआधी करून बघावं म्हणून मधल्या सुट्टीत एकटाच प्रयोगशाळेत गेलो. परीक्षानळी गरम पाण्यात धरली आणि दार वाजलं. पेंढारकर.

ते पांढरेफटक पडले. आधी त्यांनी कडी लावली. मग खिडकी. मग हळूच जवळ आले आणि खिशातला थर्मामीटर पाण्यात सोडला.

"साठ," ते कुजबुजले. "बासष्ट. बघ, गढूळ व्हायला लागलं. बघ, बघ, मोडली घडी." त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. वीस वर्षं शिकवत होते, आणि हे स्वतः पहिल्यांदा पाहत होते.

घंटा झाली. "टरफलं घरी ने," एवढं म्हणून ते वर्गावर पळाले. मी घाईत टरफलं कागदात गुंडाळून तिथल्याच डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंदुकाका आले आणि त्यांना डब्यात टरफलं सापडली.

आम्हां विज्ञानाच्या चौघांना ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलं. दाराला हिरवा पडदा होता. पेंढारकरांना पहिलं बोलावलं. पडद्याच्या फटीतून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. मागे धरलेल्या हातांत आठ घड्यांचा रुमाल.

"आ कोण लाव्युं, पेंढारकरसाहेब?"

"लॅब माझ्या ताब्यात आहे, काका."

"तो चावी मूको."

किल्ल्यांचा जुडगा टेबलावर पडल्याचा आवाज आला.

मुख्याध्यापक म्हणाले, "मग बारावीचे वर्गही सोडावे लागतील, पेंढारकर."

"सोडतो," ते म्हणाले.

"हवे नाम आपो," चंदुकाकांनी आता नाव मागितलं. "तमे आवुं करो एवा नथी. कोण हतुं?" पेंढारकर असं करणारे नव्हेत, हे त्यांनाही ठाऊक होतं.

माझं नाव दोन अक्षरांचं. उच्चारायला काय वेळ लागतो? उठावं, पडदा बाजूला करावा, चार पावलं टाकावीत. मी उठलो नाही.

"बे आप्यां, काका," पेंढारकर म्हणाले. आवाज रडवेला होता. "त्रीजुं नहीं मळे."

बाकीच्या कुणाला आत बोलावलंच नाही. बाहेर आल्यावर पेंढारकरांनी माझ्याकडे पाहिलं. "घरी जा, दिघे. तुझा चेहरा अंड्यासारखा झालाय. सगळ्यांना कळेल."

बारावी मला मिळाली. किल्ल्याही. पेंढारकर निवृत्त होईपर्यंत आठवीला भागाकार शिकवत राहिले. मी वर्षानुवर्षं दुधात लिंबू पिळलं, आणि दर वर्षी कुणीतरी डब्यात डोकावेल म्हणून घामाघूम झालो. त्या सकाळबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या वासण्याच्या फ्लॅटवर गेलो. काय बोलायचं ते पाठ करून नेलं होतं. सरांनी लग्न केलेलं नाही, भाचा करजणला, येऊन जाऊन शेजारच्या ज्योतीबेन. घरात सगळं घडी घातलेलं, पेपरसुद्धा. मी पाणी मागितलं. मग पंखा बंद करायला सांगितला. चहा आला, थर्मामीटर आला, पारा साठावर उतरला.

"सर," मी म्हटलं, "एक मागायचं होतं."

त्यांनी बोट वर केलं. डोळे हसत होते. "पाणी झालं, पंखा झाला. हे तिसरं. उद्या ये."

"सर, आजच..."

"उद्या ये, दिघे. चहा करतो."

दुसऱ्या दिवशी मी वासण्यापर्यंत गेलो. त्यांच्या बिल्डिंगच्या फाटकातून परत फिरलो. पुन्हा गेलो तो नवव्या दिवशी, तेव्हा दाराला कुलूप होतं.

ज्योतीबेननी सांगितलं, चार दिवसांपूर्वी झोपेतच गेले. मग म्हणाल्या, "तमे दिघेभाई ने? साहेब रोज साडेचारला दोन कप काढून बसायचे. मी विचारलं, कोण येणार? तर म्हणाले, ज्याला मी उद्या ये म्हटलंय तो. साहेब सगळ्यांनाच म्हणायचे उद्या ये. एवढंच की कुणी फारसं येत नसे."

मी पायऱ्या उतरलो. पाठ केलेलं अजून तोंडात होतं, आजही आहे. पेंढारकर सर, त्या दिवशी पडद्याबाहेर मी सगळं ऐकलं, आणि आत आलो नाही. मला क्षमा करा.