एरिथ्रोडानोन मास्तर

आमचे शेजारी साल्वादोर मास्तर घरात शिरताना "आसस काय रे?" असं विचारत नाहीत. "एरिथ्रोडानोन!" असं ओरडतात.

शिवी नाही हो ती! जुन्या ग्रीक भाषेतलं मंजिष्ठेचं नाव. जिच्या मुळ्यांतून लाल रंग निघतो, ती वेल. मास्तर तरुणपणी पाद्री व्हायला गोव्याला गेले, ग्रीक शिकले, आणि रोझलीनबाई दिसल्याबरोबर पाद्री व्हायचं सोडून परत आले. ग्रीक तेवढं सुटलं नाही. "मंजिष्ठा म्हणा नको रे, साधी वाटता!"

गेल्या महिन्यात तर त्यांच्या अंगात वारंच शिरलं. लेकीचं, लीनाचं, लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. ख्रिस्ती नवरीचा लाल झगा, म्हणजे साडो, सासरहून येतो. तो आलाही होता. पण लीनाचा हट्ट, घालीन तर आईचाच. रोझलीनबाईंना जाऊन नऊ वर्षं झालेली. पेटी उघडली तर साडो पार विटून फिकट गुलाबी!

"माका येता रंगवूक!" मास्तर म्हणाले.

मग काय विचारता! सावंतवाडीहून मंजिष्ठेची पिशवी आली, चूल पेटली. आधी माझा बनियन पातेल्यात गेला, मग आमचे अभ्रे. सगळं चहात पडल्यासारखं निघालं. मास्तर बूड टेकायला तयार नाहीत. माझी बायको म्हणाली, "मास्तरांनू, तुरटी घाला. रंग धरूक व्हयी."

"माझ्या पुस्तकात तुरटी खंय आसा?"

लग्नाला चार दिवस उरले तेव्हा स्वारी मान खाली घालून आली. "वायच तुरटी दी गो."

माझा दाढीचा खडा गेला, पण साडो निघाला तो अगदी नवरीचा लाल. मी म्हटलं, "मास्तर, पेटीतला कपडा इतका विटतो कसा?"

मास्तर मटकन खाली बसले. "दर आयतवारी मागल्या अंगणात दोरयेर घालतंय. ऊन रंग खाता, ता माका कळत नाय? पण वाऱ्यान साडो हललो की ती उबी आसा असा वाटता रे."

लग्न झालं. लीना साडो घेऊन मस्कतला गेली.

पुढच्या रविवारी हाक आली नाही. मी त्यांच्या मागच्या अंगणात डोकावलो. मास्तर रिकाम्या दोरीखाली येरझारा घालत होते. मी घरी जाऊन तो चहाच्या रंगाचा बनियन आणला, दोरीवर टाकला आणि ओरडलो, "एरिथ्रोडानोन!"

मास्तरांनी बनियन चिमटीत धरून पाहिला.

"ह्येका तुरटी नाय," म्हणाले, आणि डोळे पुसत माझ्याशेजारी पायरीवर टेकले.