चोवीस चोकलात बाटल्या

पाक जुमादींनी चिठ्ठी लिहिली तेव्हा त्यांच्या मनात तसूभरही शंका नव्हती. (पाक म्हणजे आमच्याकडे गुरुजी, आणि बु म्हणजे बाई.) इंडोनेशियातल्या आमच्या मागलांगच्या शाळेची रसायनशाळा एकतीस वर्षं सांभाळणाऱ्या माणसाला बाटल्यांबद्दल शंका येते थोडीच? कॉस्टिक सोड्याला काचेचं बूच लावलं की ते जन्माचं चिकटतं, जहाल आम्ल रबरी बूच खाऊन टाकतं, आणि सिल्व्हर नायट्रेट पारदर्शक बाटलीत ठेवणारा माणूस तर त्यांच्या मते पंगतीला बसवायच्या लायकीचा नाही. "बाटली बघून मी आतलं ओळखतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सगळ्या शाळेला ते पाठ होतं.

मागच्या तपासणीत मात्र घात झाला होता. शाळेने स्वस्तात पारदर्शक बाटल्या घेतल्या, उजेडाने सिल्व्हर नायट्रेट काळं पडलं आणि गुण कापले गेले. तेव्हापासून मुख्याध्यापिका बु हार्तिनींनी एकच धोशा लावला होता. "या वेळी गुण गेले, तर ही खोली शाळेच्या भांडाराला. वह्या आणि नूडल तरी खपतील." त्या खोलीत नूडल विकल्या जाणार, या विचाराने जुमादींनी नूडल खाणंच सोडलं होतं.

म्हणून चिठ्ठी अगदी नेमकी होती: 'चोकलात बाटल्या, काचेच्या, घट्ट झाकणाच्या, नग चोवीस.' आता आमच्याकडे तपकिरी रंग म्हणजे चोकलात आणि खायचं-प्यायचं चॉकलेट म्हणजेही चोकलातच. एकतीस वर्षांत त्यावरून कुणाचं काही अडलं नव्हतं. पण शाळेची खरेदी या वर्षीपासून बु रुमिनींकडे आली होती, आणि त्या गृहविज्ञान शिकवत.

मंगळवारी खोकं आलं. जुमादींनी फटीतून डोकावून पाहिलं. चोवीस बाटल्या, एकसारख्या, गडद तपकिरी. "याला म्हणतात बाटली!" ते म्हणाले आणि खोकं शिपायाकडून कपाटात ठेववून त्यांनी कुलूप घातलं. तपासणी गुरुवारी होती. तोवर उगाच धूळ कशाला?

गुरुवारी सकाळी सात वाजता त्यांनी पहिली बाटली धुवायला उचलली. ती जड लागली. झाकण काढलं तर गोड वास आला. ते तसेच बाटली घेऊन धावत रुमिनींकडे गेले.

"बु, हे काय आहे?"

"चोकलात बाटल्या. काचेच्या. घट्ट झाकणाच्या. दुकानदार म्हणाला, थंड करून प्या."

"अहो, मला रंग हवा होता, रंग!"

"मग रंग असं लिहायला शाई महाग झाली होती का? मला वाटलं, साहेबांच्या पाहुणचाराला मागवताय. म्हटलं, इतक्या वर्षांनी सुधारले बिचारे."

चॉकलेट ओतून द्यावं, तर काच पारदर्शक; तपकिरी रंग आतल्या पेयाचा. शिवाय 'खाण्यापिण्याच्या बाटलीत रसायन भरू नये' हा नियम जुमादींनीच लाल रंगाने भिंतीवर लिहिलेला. त्यांनी व्हरांड्यात बसून हातातली बाटली चिंतेच्या भरात पिऊन टाकली.

"मी काचसामानाच्या दुकानात निरोप धाडते," रुमिनी म्हणाल्या. "तुम्ही लिहून द्या. पण चोकलात शब्द नको बरं का!"

जुमादींनी पुन्हा मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं: 'गलाप बाटल्या, आठ. तातडीने. साहेब यायच्या आत. कागदात गुंडाळून, मागच्या दाराने.' गलाप म्हणजे काळोखी, आणि उजेडाने बिघडणारी रसायनं आठच होती. रसायनशाळा मागच्या बाजूला होती, म्हणून मागचं दार. पण गलाप म्हणजे चोरटंही. काळ्या बाजाराला आम्ही गलाप बाजारच म्हणतो. तातडीच्या खरेदीला मुख्याध्यापिकांची मंजुरी लागते, म्हणून रुमिनींनी निरोप आधी त्यांच्याकडे धाडला.

पाचव्या मिनिटाला बु हार्तिनी दारात उभ्या होत्या.

"पाक जुमादी, शाळेत चोरटी दारू? आणि तीही साहेबांना?"

"अहो बु, गलाप म्हणजे उजेड अडवणाऱ्या!"

"मग तसं लिहा ना!"

"तेच तर लिहिलंय!"

"आणि मागचं दार कशाला?"

त्याचं उत्तर देईपर्यंत बाईंनी दुकानदाराला फोनवर असं काही झापलं होतं, की आता तो शाळेला रिकामी कुपीसुद्धा विकणार नव्हता. साडेनऊ वाजले. साहेब दहाला येणार होते.

तेव्हा जुमादींनी बाह्या सरसावल्या. रसायनशाळेतल्याच आठ स्वच्छ पारदर्शक बाटल्या काढल्या, प्रत्येकीला काळ्या कागदाचे दोन वेढे दिले, रसायनं भरली, वर नावं डकवली. दहाला पाच कमी असताना ते मिशीवर हात फिरवत म्हणाले, "उजेडाच्या बापाची टाप नाही आत शिरायची."

तपासनीस पाक सुकाम्तो पूर्वी इतिहास शिकवत. ते यादीवर बोट ठेवून चालले होते.

"चोकलात बाटल्या, किमान वीस. आहेत?"

"या घ्या. काळा कागद लावलाय, काम तेच करतो."

"या काळ्या आहेत."

"हो, पण शास्त्राच्या दृष्टीने..."

"यादीत चोकलात आहे. काळ्याचे गुण नाहीत."

जुमादींचा चेहरा पडला. बु हार्तिनींनी खोलीच्या लांबीरुंदीकडे एक नजर टाकली, त्यात नूडलचं कपाट स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात रुमिनी दारातून आत वाकल्या. "साहेब, बाहेर टेबल मांडलंय. थंड चोकलात घेणार?"

व्हरांड्यातल्या टेबलावर बाटल्या रांगेत उभ्या होत्या. सुकाम्तोंनी त्या बोटाने मोजल्या. "तेवीस!" त्यांचा चेहरा उजळला. "अहो, या आठवड्यात तीन शाळा पाहिल्या. यादीत स्पष्ट लिहिलंय, पण एकानेही पाजलं नाही. मी म्हटलं, मुलांच्या पोषणाची काही सरकारी योजना असेल." त्यांनी पूर्ण गुण देऊन सही ठोकली, एक बाटली रिकामी केली आणि जुमादींच्या मिशीकडे पाहून म्हणाले, "चोविसावीची चौकशी करत नाही."

जुमादींनी मिशी पुसली. एकतीस वर्षांचं शास्त्र घशाशी आलं होतं, ते त्यांनी गिळलं. खोली वाचली होती.

"काय हो," बु हार्तिनी हळूच म्हणाल्या, "बाटली बघून तुम्ही आतलं ओळखता ना?"

जुमादींनी आत जाऊन पुढच्या तपासणीची चिठ्ठी आजच लिहून ठेवली: 'चोकलात बाटल्या, नग अठ्ठेचाळीस. चोवीस रिकाम्या, चोवीस भरलेल्या.'