एकोणीस सेकंदांची सासू

खरं-खोटं ओळखायला मला आठ सेकंद लागतात. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं लोकांचे अर्ज वाचून माझी नजर तयार झाली आहे. अर्जाची पहिली ओळ वाचली की शेवटची मी न वाचता सांगत असे. निवृत्त झाल्यावर एवढी नजर नुसती घरात ठेवून काय करायची, म्हणून मी सांगलीतल्या 'विश्रामबाग सजग नागरिक मंच' या व्हॉट्सॲप ग्रुपचा चिटणीस झालो. अध्यक्ष सुभेदार लालासाहेब, फौजेतून निवृत्त. ग्रुपवर एखादा व्हिडिओ आला की ते लिहीत, "नानासो, तपासा." मी आठ सेकंद तपासत असे आणि मग आम्ही साडेचारशे सभासद मिळून संतापत असू.

त्या गुरुवारी सकाळी असाच एक व्हिडिओ आला. एकोणीस सेकंदांचा. पत्र्याच्या आडोशाला एक म्हातारी पाठमोरी बसलेली, गुडघ्याखाली कुणाला तरी दाबून धरलेलं, हातात ही एवढी मोठी कातर, आणि बाजूला काळ्याभोर केसांचा ढीग. वर कुणीतरी दुःखी बासरी लावली होती. त्या बासरीतून म्हातारीचा आवाज अर्धामुर्धा येत होता, "पाय धर घट्ट. लय माजलीया ही. उद्याच्याला सासरी जायाचंय आन आज नखरं." खाली लिहिलं होतं, 'सासूने सुनेला आडवी पाडून केस कापले. जत तालुक्यातील संतापजनक प्रकार. माणुसकी असेल तर पुढे पाठवा.'

सून जर सासरीच आहे, तर तिला उद्या सासरी कशी पाठवणार, हा प्रश्न साडेचारशे माणसांपैकी एकालाही पडला नाही. मलाही नाही. ते वाक्य बाराव्या सेकंदाला होतं.

"नानासो, जत म्हणजे तुमचा इलाका," लालासाहेबांनी लिहिलं. "तपासा."

माझा इलाका म्हणजे काय, माझा जन्मच तिकडचा. जतच्या माळावर मेंढरांमागं हिंडत मी दहावी झालो. माझी आई भामाबाई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही वाडीवरच राहत होती. पंचवीस वर्षं मी तिला विश्रामबागेत ये म्हणून विनवत होतो आणि पंचवीस वर्षं ती "मेंढरं कोन बगंल?" म्हणत होती. यंदा मात्र दिवाळीनंतर तिनं एकेक करत मेंढरं देऊन टाकली होती आणि येत्या रविवारी ती कायमची आमच्याकडं येणार होती. मी तिच्यासाठी खोली रंगवून घेतली होती. इतका आनंद मला पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता.

तर मी लिहिलं, "मी स्वतः जतचा. असल्या बायका मी लहानपणापासून ओळखतो. व्हिडिओ शंभर टक्के खरा."

आणि मग हात लागलाच आहे म्हणून मोठी पोस्ट लिहिली. 'ही सासू नव्हे, हा कलंक आहे' अशी सुरुवात होती. मधे पाषाण, वात्सल्य आणि न्यायदेवता हे तिन्ही शब्द आणले. शेवट असा केला, 'पण खरा गुन्हेगार वेगळाच आहे. आईची ही कृत्यं मुकाट बघणारा तिचा मुलगा कुठे लपला आहे? त्याला शोधून काढा.'

संयोगितानं, म्हणजे माझ्या पत्नीनं, चहा देता देता मोबाइलमध्ये डोकावून बघितलं. "अहो, ही हिरवी इरकल कुठंतरी बघितल्यासारखी वाटते."

"तिकडं दर तिसरी बाई इरकल नेसते," मी म्हणालो. "साडीनं पाप झाकत नाही."

"पाप नाही म्हणत मी. साडी म्हणते."

दुपारपर्यंत माझी पोस्ट साताऱ्यापर्यंत गेली. पाचगणीच्या एका अनोळखी गृहस्थांनी तिला 'लेखणी नव्हे तलवार' म्हटलं. मी ते संयोगिताला दोनदा वाचून दाखवलं.

संध्याकाळी लालासाहेबांचा फोन आला. "नानासो, आरोपीचा पत्ता लागला. वाडीच्याच एकानं खाली नाव लिहिलंय. भामाबाई. तुमच्या ओळखीची हाय का?"

मी म्हणालो, "थोडीफार."

फोन ठेवून मी व्हिडिओ पहिल्यांदाच शेवटपर्यंत बघितला. साडी गेल्या दिवाळीला मीच घेतली होती. पाठही ओळखीची होती. त्या पाठीवर बसून मी माळ हिंडलो होतो. मी चुलतभावाला, धुळाला, फोन लावला.

"दादा, आवं राणी मेंढी ती," धुळा म्हणाला. "शेवटची ऱ्हायली हुती. तात्याबा मामाच्या कळपात द्यायची म्हनून काकू म्हनली, सासरी धाडायच्या आधी कातरून घिऊ. मी आपला पाय धरून शूटिंग केलं आन स्टेटसला टाकलं. म्होरं मेंढी उठून पळती, ते कुनी तरी कापलंय बगा. आन बासरी म्या न्हाई लावली."

मेंढ्या कातरण्यात माझं बालपण गेलं. लोकर आणि केस यांतला फरक मला कळू नये?

मी तातडीनं ग्रुपवर लिहिलं, "खुलासा. भामाबाई या माझ्या मातोश्री असून व्हिडिओत सून नाही. ती मेंढी आहे."

मग महिला आघाडीच्या शिवांजलीताईंनी लिहिलं, "म्हणजे सून तुमची पत्नी. आणि तिला तुम्ही मेंढी म्हणता?"

"बायकोला नाही. मेंढीलाच मेंढी म्हणतोय."

"हीच ती मानसिकता," शिवांजलीताईंनी लिहिलं आणि खाली माझीच पोस्ट चिकटवली. 'तिचा मुलगा कुठे लपला आहे?' या ओळीखाली लाल रेघ मारली होती. मुलगा सापडल्याबद्दल अडतीस जणांनी टाळ्या पाठवल्या. पाचगणीच्या गृहस्थांनी माझ्या अटकेची मागणी केली.

मी लिहिलेलं पुसायला गेलो, पण ते आता माझ्या हातात राहिलं नव्हतं. मला दुसरीच धास्ती होती. आईच्या कानावर हे गेलं, तर रविवारी ती येणार नाही, आणि परत कधीच येणार नाही. शुक्रवारी-शनिवारी मी धुळाला नऊ फोन केले. प्रत्येक वेळी तो म्हणाला, "काकू काय बोलंना बगा."

रविवारी सकाळी दहाला बेल वाजली. मी आई म्हणून धावलो. दारात लालासाहेब, शिवांजलीताई आणि महिला आघाडीच्या चार जणी उभ्या होत्या.

"आम्हाला सूनबाईंशी एकट्यात बोलायचंय," शिवांजलीताई म्हणाल्या.

"बोला की. संयोगिता, जरा बाहेर ये."

संयोगिता आली. सगळ्या बायकांनी एकदम श्वास आत घेतला. मी वळून बघितलं, तर तिचा कमरेपर्यंतचा शेपटा गायब. केस मानेपर्यंत कापलेले.

"तुझे केस कुठं गेले?" मी विचारलं.

"बुधवारी पार्लरमध्ये कापले," संयोगिता म्हणाली. "आज पाचवा दिवस. म्हटलं बघू, ह्यांना कधी दिसतंय."

"घाबरू नका ताई," शिवांजलीताईंनी तिचा हात धरला. "दबावाखाली काही बोलू नका. आम्ही आहोत."

"अहो, पार्लर इथं कोपऱ्यावर आहे."

"सगळ्या असंच सांगतात."

लालासाहेब माझ्याकडं बघून मान हलवत होते. "नानासो, फौजेत असतो तर तुमचं कोर्ट मार्शल झालं असतं."

एवढ्यात फाटक वाजलं. डोक्यावर गाठोडं घेऊन, हिरवी इरकल नेसून, आई आत आली. एसटीनं एकटीच आली होती. मला इतकं बरं वाटलं, की कोर्ट मार्शल विसरलो.

"पावनं आल्यात व्हय?" आई म्हणाली. "बसा की. उभं का?"

शिवांजलीताई पुढं झाल्या. "आजी, खरं सांगा. तुमच्या सुनेचे केस तुम्ही कापले?"

आईनं गाठोडं खाली ठेवलं. संयोगिताला जवळ ओढलं, तिची हनुवटी धरून मान उजवीकडं केली, मग डावीकडं केली. बराच वेळ बघितलं.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "हे माजं काम न्हवं. मी कातरल्याव दोनी बाजू सारक्या असत्यात."

मग तिनं गाठोडं सोडलं. काळीभोर लोकर बाहेर आली आणि खोलीभर मेंढरांचा वास पसरला. "राणीची हाय. नानाची कंबर धरती थंडीत. म्हनलं, शेवटची लोकर हाय, त्याला घोंगडं हुईल."

लालासाहेबांनी लोकर हातात घेऊन पाहिली, हुंगली आणि "गलतफहमी" एवढंच म्हणाले. शिवांजलीताईंनी जाताना संयोगिताला पार्लरचा नंबर मागितला नाही.

पाहुणे गेल्यावर आई जमिनीवर फतकल मारून बसली. "संयोगिता, वाडीवरल्या पोरी म्हनत हुत्या, माज्याव सांगलीतल्या कुनी तरी लय लांबलचक लिव्हलंय. वाच की."

मी संयोगिताला डोळ्यांनी खुणावलं. तिनं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून सगळं वाचलं. एक शब्द गाळला नाही. आई पोथी ऐकावी तशी ऐकत होती.

"लिव्हलंय झ्याक," शेवटी ती म्हणाली. "शिकल्याला दिसतुय. कुनाचं लेकरू हाय?"

मी म्हणालो, "असंल जतकडचंच कुणी तरी."

"मग त्येच्या आईला सांगाय पायजे कुनी तरी. बिचारीला म्हाईत नसंल."

"माहीत झालंय त्यांना," संयोगिता म्हणाली.

"मग बरं." आईनं लोकरीचा एक मोठा पुंजका माझ्या मांडीवर टाकला. "हे घे. कुसळं येचून काड ह्यातली. नीट बगून येच."

मी चष्मा लावला.