खर्ड्याच्या मॅडमची चौकशी

कर्जतच्या स्टँडवरून सुटलेली खर्ड्याची गाडी गावाबाहेर पडली, तेव्हा सुरेखा तिकिटं देत तिसऱ्या बाकापाशी पोहोचली होती. खिडकीशी नऊवारीतली, ठसठशीत कुंकू लावलेली एक बाई आणि तिच्या शेजारी भरघोस मिशांचा एक गृहस्थ बसला होता. दोघांच्या अंगावर नुकतीच घडी मोडलेले कपडे आणि सामान म्हणाल तर काहीच नाही. अशी माणसं एक तर लग्नाला निघालेली असतात, नाहीतर लग्नाच्या चौकशीला, एवढं सुरेखाला कंडक्टरच्या नोकरीत कळायला लागलं होतं.

"दोन खर्डा," मिशीवाले म्हणाले.

सुरेखा मशीनची बटणं दाबत असतानाच बाई पुढे वाकली. आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, तुमी तर रोज खर्ड्याला जाता. तितल्या शाळंत सुरेखा मॅडम म्हनून हायत, वळखता का? एम.ए. बी.एड. हायत बगा. बोरखडीच्या सहादेवरावांची लेक."

मशीननं घरघर करत तिकिटं बाहेर टाकली. मिशीवाल्यांनी ती लांब धरून वाचली आणि त्यांच्या मिशा थरथरल्या.

"आवो बाई, दोनी अर्दी? महिलांची? मला काय बाईमानूस समजला का काय?"

मागच्या बाकावर हशा पिकला. सुरेखानं घाईघाईनं त्यांचं तिकीट दुरुस्त करून दिलं आणि ते करता करता पैशांच्या पिशवीचा पट्टा असा सरकवला, की छातीवरची नावाची पट्टी बरोबर त्याखाली झाकली गेली. कारण बोरखडीच्या सहादेवरावांना लेक एकच होती, आणि ती आत्ता खाकी घालून या बाईच्या पुढ्यात उभी होती.

खरं पाहता कुणी ठरवून थाप मारली नव्हती. मध्यस्थाचा फोन आला होता, "मुलगी काय करते?" सहादेव म्हणाला, "एम.ए. बी.एड. झाली." "आणि आता?" "रोज खर्ड्याला जाती." दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी. मधली मोकळी जागा मध्यस्थानं आपल्या हौसेनं भरली, तिथे एक शाळा बांधली आणि सुरेखाला खुर्चीवर बसवून दिलं. सहादेवनं ती शाळा पाडली नाही, एवढाच त्याचा अपराध.

सुरेखाला हे कळल्यापासून ती वडिलांशी धड बोलत नव्हती. "आबा, माज्या खाकीची लाज वाटती का तुमाला?" असं तिनं तोंडावर विचारलं, तर आबा उठून शेळ्यांकडे निघून गेले. नंतर आईनं, पुष्पावतीनं, निरोप आणला, की बापाचा जीव थोडा थाऱ्यावर येईस्तोवर तू कुणाला काही बोलू नकोस. सुरेखानं कबूल केलं होतं, पण ते मनात सलत होतं. दिवाळी झाली की आबा आणि आई कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यातच परत यायचे, आणि त्या कोयत्यावरच तिची एम.ए. आणि बी.एड. झाली होती. पुढे भरती निघेना. तासावर शिकवायला गेली, तर तास संपला की नोकरी संपायची. मग एसटीची जाहिरात आली. पहिला आठवडा ती घरी येऊन मोरीत तोंड धुण्याच्या निमित्तानं रडली, आणि नंतर कधी तिला हे काम आवडायला लागलं ते तिचं तिलाच कळलं नाही. वर्गातली पोरं वर्ष संपलं की निघून जातात. इथली माणसं रोज परत येत, आणि आपली सुखदुःखं तिच्या हवाली करून उतरून जात. तिला स्वतःबद्दल शंका नव्हती. बापाला मात्र लेकीचं शिक्षण मातीत गेलं असं वाटतं, या एका विचारानं तिचा जीव तुटायचा.

"न्हाई वळखत," असं सांगून ती सटकणार होती, पण मागच्या बाकावर कानिफनाथ बसला होता. शेळ्यांचा हा व्यापारी दर बाजारी जामखेडला जायचा, आणि गप्प बसणं त्याच्या प्रकृतीला मानवत नसे.

"सुरेखा व्हय? बोरखडीची?" तो पुढे वाकला. "आवो, ही काय..."

सुरेखानं त्याच्याकडे पाहिलं. बी.एड.ला वर्गनियंत्रण नावाचा जो भाग तिनं मन लावून केला होता, तो सगळा त्या एका नजरेत होता. कानिफनाथनं वाक्य गिळलं आणि त्याच्या जागी हाती लागेल ते ठेवलं.

"ही काय... ही काय इचारायची गोष्ट हाय का? लई गुनाची पोर!"

बाईचा चेहरा खुलला. "मी गोजरबाई. माज्या अजिनाथासाटी बगतोय. ह्यो माजा भाऊ, राधाकृष्ण. शिकवती कशी वो?"

"शिकवती? आवो, मागं एक गडी पान खाऊन खिडकीतनं थुकला. त्येला असा शिकवला, का आता तोंडात पान आसंल तर चालत जातो, पर गाडीत चडत न्हाई."

"गाडीत?"

"शाळंच्या गाडीत," कानिफनाथ म्हणाला आणि त्यानं कपाळ पुसलं.

राधाकृष्णांनी मान डोलावली. "वर्गात पोरं किती हायत?"

"चाळीसेक बसत्यात. पंदरा-ईस उबी आस्त्यात."

"उबी? शिक्षा करती का काय?"

"न्हाई, जागाच नस्ती."

आता आसपासच्या बाकांनाही चेव आला. सगळे रोजचेच प्रवासी. पलीकडून एक म्हातारी म्हणाली, "मला तर हात धरून बशीवती बाई, पैल्या बाकावर." गोजरबाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं. "तुमी बी शाळंत जाता?"

म्हातारीनं कानिफनाथकडे पाहिलं. कानिफनाथ म्हणाला, "प्रौढ शिक्षन."

पुढे ड्रायव्हर हनुमंतमामांचे खांदे हलत होते. त्यांनी आरशातून सुरेखाकडे पाहून डोळे मिचकावले. सुरेखाला हसू येत होतं आणि घामही फुटत होता. खर्डा यायला अजून पुष्कळ वेळ होता. तिथे ही दोघं शाळेत जाणार, हेडमास्तरांना विचारणार आणि बापाची शोभा होणार. आत्ताच खरं सांगून मोकळं व्हावं, असं तिनं दोनदा ठरवलं, आणि दोन्ही वेळा आईला दिलेला शब्द आडवा आला.

तेवढ्यात बोरखडी फाट्यावर गाडी थांबली आणि धुतलेली टोपी घालून स्वतः सहादेव गाडीत चढला.

बापानं चौकशीची बातमी ऐकली असणार आणि आता शाळेत जाऊन कुणाच्या तरी हातापाया पडणार! तिनं डोळ्यांनी खुणावलं, मान हलवली, तिकिटाचं मशीन कपाळावर आपटून पाहिलं. सहादेव तिच्याकडे बघतच नव्हता. गाडीत तो नेहमीच परक्यासारखा वागायचा. ड्युटीवर लेकीला त्रास नको म्हणून पुरं तिकीट घ्यायचा आणि तिला कंडक्टरबाई म्हणायचा. आजही त्यानं खर्ड्याचं तिकीट घेतलं आणि रिकामी जागा पाहून बसला, तो बरोबर राधाकृष्णांच्या बाजूला, वाटेच्या पलीकडच्या बाकावर.

कानिफनाथनं डोळे मिटून घेतले.

गोजरबाईंना बोलायला नवा माणूस मिळाला. सुरेखा एका बाळंतिणीचं गाठोडं वर ठेवायला मागे गेली होती, तिच्याकडे हात करून त्या म्हणाल्या, "पावनं, ही कंडक्टरीन लई मायाळू दिसती."

सहादेव फुलला. अनोळखी माणसापुढे कशाला लपवायचं?

"दिसती म्हंजी? लेक हाय माजी. एम.ए. बी.एड. हाय."

गाडीतल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. सुरेखा गाठोडं हातात धरूनच उभी राहिली.

"एवडी शिकून तिकिटं फाडती?" राधाकृष्ण म्हणाले. अजून त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. "मंग शिक्षन वायाच गेलं म्हना की."

"मला बी तसंच वाटलं हुतं," सहादेव म्हणाला. "येक दिवस तिला न सांगता ह्याच गाडीत मागं जाऊन बसलो. तोंडावर उपरनं घिऊन. म्हनलं, बगू तरी. तर येक पिऊन आलेला गडी लागला आरडायला. माजी पोरगी आवाज बी न चडवता त्येच्याशी बोलली. काय बोलली ठावं न्हाई, पर गडी हात जोडून उतरला. मंग तिनं घंटी मारली, तर एवडी मोटी गाडी हालली. आवो, जल्मभर मी मुकादमाच्या शिट्टीवर उटलो, शिट्टीवर बसलो. माजं कुनी येक मानूस बी ऐकलं न्हाई. आन हितं माज्या पोरीचं पन्नास मानूस ऐकतंय. वाया कसं गेलं? मी घरी गेलो आन शेळ्यांपाशी बसून रडलो. पोरीला ह्ये सांगाया जमत न्हाई मला. सांगाया गेलं का घसाच दाटतो."

सुरेखानं गाठोडं बाळंतिणीच्या मांडीवर ठेवलं. तिचे डोळे भरून आले आणि समोरचं काही दिसेना. इतके दिवस ती ज्याला लाज समजत होती, ती लाज नव्हतीच.

इथे थांबता आलं असतं. पण सहादेवला आज बोलायची लहर आली होती.

"आता येक स्थळ आलंय. पोरगा इंजिनेर हाय, तिकडं सुप्याला कंपनीत. मास्तरीनच पायजे म्हनत्यात, म्हनून मी जरा गप बसलो, आन चुकलं माजं. आज त्यांची मानसं खर्ड्याला निगालीत म्हनं, तर त्यांना गाटून खरं सांगाया चाललोय. पर भ्या वाटतंय. पोराची आई लई खवट हाय म्हनं, आन मामा तर नुस्ता मिशीचा..."

सुरेखानं धावत येऊन दोरी ओढली. हनुमंतमामांनी करकचून ब्रेक दाबला आणि गाडी भर माळावर, जिथे बाभळीशिवाय काही नाही अशा ठिकाणी उभी राहिली.

"आबा, गप बसा आता," सुरेखा म्हणाली. "त्या पोराच्या आई ह्याच हायत. आन मामा तुमच्या शेजारी."

सहादेवनं आधी मिशा पाहिल्या, मग कुंकू पाहिलं. तो उठून उभा राहिला, टोपी काढली, पुन्हा घातली आणि हात जोडले. "खोटं मी बोललो, बाई. पोरीचा काय दोष न्हाई."

गोजरबाईंनी त्याला टोपीपासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "मला खवट कोन म्हनलं?"

"मध्यस्त."

"त्येच्याकडं बगते मी. आन मास्तरीनच पायजे आसं आमी कवा म्हनलो? शिकल्याली पायजे म्हनलो हुतो." त्या सुरेखाकडे वळल्या. "मगापासून आमी इचारतोय पोरी, आता तुला काय इचारायचं आसंल तर इचार. इंजिनेर हाय माजा अजिनाथ. जिमीन, घर, पगार, सगळं सांगते."

"कंडक्टरबाई," मागून कुणीतरी ओरडलं, "गाडी चालवायची का लगीन लावायचं?"

"दोन मिनिटं," सुरेखा म्हणाली. मग गोजरबाईंना म्हणाली, "मला जमीन-पगार काही नको. एकच सांगा. तुमच्या मुलाला त्याचं काम आवडतं का?"

हा प्रश्न कुठल्याच चौकशीत कुणी विचारला नव्हता. गोजरबाईंनी भावाकडे पाहिलं. भावानं मिशांवरून हात फिरवला.

"त्येलाच इचारते की," म्हणून त्यांनी कनवटीचा मोबाईल काढला. स्पीकर लावल्याशिवाय फोनवर बोलणं झालं असं त्यांना वाटत नसे, त्यामुळे सगळी गाडी कान देऊन बसली.

"अजिनाथ, आरं, तुला तुजं कंपनीतलं काम आवडतं का रं?"

पलीकडे कुठेतरी पेटीचे सूर वाजत होते, ते थांबले.

"आई," आवाज आला, "तुला कुनी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"मी सोडलं म्हनून."

राधाकृष्ण ताडकन उभे राहिले आणि त्यांचं डोकं वरच्या सामानाच्या फळीवर आपटलं. पोरगा घाईघाईनं बोलत होता, "आई, मी सांगनार हुतो. सुप्यात येक पेटीवाला हाय. भजनी मंडळाच्या पेट्या येत्यात त्येच्याकडं, सूर गेलेल्या, भाते फाटल्याले. मी रोज त्येच्याकडं जातो. पैसे कमी हायत, पर दिस कसा जातो कळत न्हाई. तू रडतीस का?"

"मी न्हाई रडत," गोजरबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

"मंग मागं कोन हासतंय?"

"कंडक्टर हाय," एवढंच सांगून त्यांनी फोन बंद केला.

सुरेखा खरंच हसत होती. तिला थांबवता येत नव्हतं, आणि गालांवरून पाणीही वाहत होतं. राधाकृष्ण डोकं चोळत म्हणाले, "पेटी! इंजिनेर कशापायी केला मंग?"

सहादेव आपल्या बाकावरून पुढे वाकला आणि आजवर कुणाशी बोलला नसेल इतक्या मऊ आवाजात म्हणाला, "बाई, रागं भरू नका. येकदा जाऊन बगा. त्येला न सांगता, लांबून."

गोजरबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. हनुमंतमामांनी विचारल्याशिवायच गिअर टाकला आणि गाडी हळूच निघाली. बाभळी मागे पडल्या. मग गोजरबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि सुरेखाला हाक मारली.

"पोरी, खर्ड्याला जाऊन काय करू आता? तितलं काम हितंच झालं. सुप्याला जायाचं तर कुटं उतरावं लागंल?"

"जामखेडला उतरा. तिथनं नगरची गाडी मिळंल, पुढं नगरहून सुपा."

"मंग तसंच करते," त्या म्हणाल्या, आणि सहादेवकडे वळून किंचित लाजत म्हणाल्या, "पावनं, तुमी बी चला की. तोंडावर उपरनं कसं घ्यायचं, त्ये मला ठावं न्हाई."